तळघर आवरताना कोण सापडलं? सोलापूरकरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पितृपंधरवडा लागला की घट बसायच्या आत घर धुऊन काढायची घाई सुरू होते. गोधड्या, चादरी, पितळेची भांडी, सगळं बाहेर येतं. त्याच दिवसांत माझ्या फोनवर फोटो येऊ लागतात आणि खाली एकच ओळ असते, "सर, हे काय आहे?" काही फोटो इतके हललेले असतात की जास्त कोण घाबरलं होतं, माणूस की समोरचा जीव, तेही कळत नाही. दरवर्षी येणारे तेच ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. घाईत असाल तर आधी प्रश्न ३ आणि ८ वाचा, बाकीचे निवांत.

१. आमच्याकडे तळघर असं नाही, जिन्याखालची अडगळ आहे. हे सगळं आम्हाला लागू आहे का?

आहे. जुन्या पेठांतल्या वाड्यांत तळघर आणि बळद (धान्याची बंदिस्त कोठी), खेड्यातल्या घरांत पेव (धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा), नव्या बंगल्यात पार्किंगमागची खोली किंवा पाण्याच्या टाकीशेजारची बोळकांडी, या सगळ्या जागांचा गुण एकच. मे महिन्यात बाहेर पारा ४२-४३ अंशांवर असतो, तेव्हा जाड दगडी भिंतीआड गारवा असतो, अंधार असतो, थोडी ओल असते आणि वर्ष वर्ष कुणी हात लावत नाही. झुरळं, वाळवी आणि उंदीर तिथे आपोआप येतात, त्यांना खाणारेही मागोमाग येतात. त्यामुळे काही सापडलं म्हणून तुमचं घर घाण आहे असं समजू नका.

२. आवरायला कोणता काळ बरा?

माझं मत विचाराल तर गड्ड्याची (सिद्धेश्वर यात्रेची) गर्दी ओसरली की, म्हणजे जानेवारीचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी. थंडीत साप, पाली, विंचू मंदावलेले असतात आणि घरटी-अंडीही कमी असतात. सगळ्यात अवघड जून-जुलै. पहिल्या पावसांत बिळांत पाणी शिरतं, आतले जीव कोरडी जागा शोधत घरात येतात आणि सापांची पिल्लंही साधारण याच सुमारास बाहेर पडतात. नवरात्राआधीची आवराआवर रीतीची आहे, ती कुणी सोडणार नाही. मग ती भर दुपारी, दारं सताड उघडी टाकून करा. रात्री जेवणानंतर "थोडं उरकून घेऊ" हे नको.

३. आत जाण्यापूर्वी काय तयारी करायची?

बंद बूट, जाड हातमोजे, तोंडाला मास्क, हातात टॉर्च आणि एक लांब काठी. वस्तू आधी काठीने हलवायची, मग उचलायची. पोती, पाट, पत्रे उचलताना पलीकडची कड आधी उचला, म्हणजे आत कुणी असेल तर ते तुमच्या पायाकडे न येता पलीकडे निघेल. फटीत, माठात, गुंडाळलेल्या सतरंजीत डोळ्यांना दिसल्याशिवाय हात घालायचा नाही. जुने बूट आणि हेल्मेट झटकून घ्यायचे. उंदरांच्या किंवा वटवाघळांच्या लेंड्या कोरड्या झाडू नका, आधी पाणी शिंपडा. ती धूळ छातीत जाणं वाईट.

४. गावच्या वाड्यातलं ज्वारीचं पेव बऱ्याच वर्षांनी उघडणार आहोत. आत साप असेल का?

साप ही दुसऱ्या नंबरची भीती. पहिली भीती हवेची. साठवलेलं धान्य श्वसन करतं, प्राणवायू वापरतं आणि कर्बवायू सोडतं. कर्बवायू हवेपेक्षा जड, त्यामुळे तो पेवाच्या तळाशी साचून राहतो. वरून वाकून पाहताना काही जाणवत नाही, खाली उतरल्यावर मात्र माणूस काही क्षणांत कोसळू शकतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही तिथेच पडतो. मंगळवेढ्याकडची जुनी माणसं पेवाचं तोंड उघडून ठेवायची आणि पेटता कंदील दोरीने खाली सोडायची. कंदील विझला तर कुणी उतरायचं नाही. ही चाचणी आजही उपयोगी आहे, पण ती पुरेशी मानू नका, कारण ज्योत तेवत असूनही हवा वाईट असू शकते. एक-दोन दिवस तोंड उघडं ठेवा, पंख्याने हवा खेळवा, कमरेला दोर बांधा आणि वर दोघंजण असल्याशिवाय कुणालाही उतरवू नका. पूर्ण बंद राहिलेल्या तळघरालाही हाच नियम.

५. भिंतीवर, जुन्या मागाच्या लाकडावर मातीचे गोळे चिकटलेत. फोडले तर आत कोळी निघाले! हे काय?

हा मला सगळ्यात आवडणारा प्रश्न. ती कुंभारीण माशी, कंबर सुतासारखी बारीक असलेली. मादी ओल्या मातीचे मणी तोंडात धरून आणते आणि एकेक खोली लिंपते. नीट पाहिलंत तर प्रत्येक मण्याची कड वेगळी दिसते, रंगही कधी काळा, कधी तांबूस, जशी माती मिळाली तसा. खोली तयार झाली की ती शिकार आणते, काही जाती कोळी आणतात, काही अळ्या. शिकार मेलेली नसते. नांगी मारून तिला फक्त लुळं केलेलं असतं, म्हणजे ती सडत नाही. त्यावर एक अंडं घालून खोलीचं तोंड बंद. अंड्यातून निघालेली अळी हा ताजा शिधा खात वाढते, आतच कोष करते आणि शेवटी माती कुरतडून बाहेर पडते. तुम्ही फोडलेल्या गोळ्यात कोळ्यांचे पाय अजून हलताना दिसले असतील, ते यामुळेच.

गोळ्याला गोल भोक असेल तर माशी उडून गेलेली आहे, खुशाल खरवडा. भोक नसेल आणि जागा अडचणीची नसेल तर महिनाभर राहू द्या. ही माशी एकटी राहते, गांधीलमाश्यांसारखी झुंडीने अंगावर येत नाही आणि घरट्याची राखणही करत नाही. मात्र या माश्यांच्या भाईबंदांना आयती भोकं फार आवडतात. जुन्या कांड्या, कुलपाचं तोंड, विजेच्या पिनची भोकं मातीने बुजलेली दिसली तर संशय यांच्यावरच घ्या. विजेचं काही असेल तर मेन बंद करूनच माती काढा.

६. ट्रंकेमागे पांढरी अंडी मिळाली. पालीची की सापाची?

वाटाण्याएवढी, गोलसर, टणक कवचाची, बहुतेक दोनच आणि भिंतीला किंवा लाकडाला चिकटलेली असतील तर पालीची. सापाची अंडी लांबट, कातड्यासारखी मऊ, संख्येने जास्त आणि बऱ्याचदा एकमेकांना चिकटलेली असतात. पालीचं कवच दाबलं तर फुटतं, सापाच्या अंड्याला पोचा पडतो. (दाबून पाहू नका, माहिती म्हणून सांगितलं.)

गोंधळ होतो तो तिसऱ्याच अंड्यांमुळे. सरडा आणि सापसुरळी यांची अंडीही मऊ असतात, पण लहान आणि शक्यतो मातीत पुरलेली. कुंडीच्या किंवा ढिगाच्या मातीत अशी बारीक अंडी दिसली तर लगेच सर्पमित्राला बोलावण्याची घाई करू नका. मोठी, मऊ, ढिगाने घातलेली अंडी दिसली तर मात्र तिथून बाजूला व्हा आणि प्रश्न ८ पाहा.

७. सापाची कात सापडली. म्हणजे साप अजून आत आहे?

असेल किंवा नसेल. कात फक्त एवढंच सांगते की साप तिथे येऊन गेला. कात ओलसर, लवचिक असेल तर प्रकार ताजा, हात लावताच चुरा होत असेल तर जुना. कातीवरून सापाची लांबी मोजू नका, कात ताणली जाते आणि नेहमी सापापेक्षा लांब भरते.

कात उजेडात धरून डोक्याचा भाग बघा. डोळ्यांच्या जागी भिंगासारखे दोन पारदर्शक गोल दिसतील. सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर पारदर्शक खवला असतो आणि कात टाकताना तोही निघतो. पोरांना दाखवण्यासारखी वस्तू आहे. आधी सगळं घर आवरा, मग दाखवा.

८. साप दिसलाच तर? आणि चावला तर?

दिसला तर लांब उभं राहून नजर त्याच्यावर ठेवा, पोरांना आणि कुत्र्याला बाहेर काढा, बाहेर जायची वाट मोकळी ठेवा आणि सर्पमित्राला किंवा वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. पाणी, रॉकेल, फिनाईल ओतू नका. चिडलेला साप कुठे घुसेल सांगता येत नाही.

चावला तर त्या माणसाला धीर द्या, चालू देऊ नका, चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका. अंगठी, बांगड्या, जोडवी काढून घ्या, सूज चढते. दोरी आवळू नका, ब्लेडने कापू नका, तोंडाने चोखू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने सिव्हिल हॉस्पिटल गाठा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर आपल्याकडे एकच प्रतिविष चालतं, त्यामुळे साप मारून सोबत न्यायची गरज नाही. लांबूनच फोटो मिळाला तर ठीक, त्यासाठी मागे लागू नका.

९. पांढऱ्या पट्ट्यांचा काळपट साप होता. कुणी कवड्या म्हणतं, कुणी मण्यार. कसं ओळखायचं?

कवड्या बिनविषारी, मण्यार अतिविषारी, आणि दोघेही रात्री फिरणारे. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात, पुढे रुंद असतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे पट्टे बारीक, बऱ्याचदा जोडीजोडीने, डोक्यापासून थोडं अंतर सोडून सुरू होणारे आणि शेपटीपर्यंत ठळक. मण्यारीच्या पाठीच्या मधल्या ओळीतले खवले मोठे, षटकोनी असतात.

हे सगळं पुस्तकात ठीक. रात्री टॉर्चच्या उजेडात, पळणाऱ्या सापावर, आणि त्यात लहान पिल्लू असेल तर जाणकारही अडखळतो. म्हणून पट्ट्यांचा कुठलाही साप मण्यारच समजायचा. तिचा दंश फारसा दुखत नाही, जागा सुजतही नाही. जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात आणि मग कळतं. तळघराजवळ, खालच्या मजल्यावर अंथरूण टाकत असाल तर खाट आणि खोचलेली मच्छरदाणी वापरा.

१०. कुंडीखाली गांडुळासारखं काहीतरी, पण फार चपळ आणि चकचकीत. विषारी आहे का?

तो वाळा. साप आहे, पण अगदी निरुपद्रवी. गांडुळाच्या अंगावर कड्या दिसतात, याच्या अंगावर गुळगुळीत बारीक खवले. बारीक जीभ आत-बाहेर करताना दिसली तर शंकाच नको. डोळे म्हणजे खवल्याखाली दोन काळे ठिपके. मुंग्या आणि वाळवीची अंडी-अळ्या हे त्याचं जेवण, म्हणजे तुमच्या लाकडी दारांवर त्याचे उपकारच आहेत. खरं तर "त्याचे" म्हणणंही चूक, कारण या जातीत नर नसतात. सगळ्या माद्या, आणि नराविनाच अंडी घालतात. एकच मादी कुंडीच्या मातीतून परक्या मुलखात गेली तरी तिथे वंश चालू होतो, म्हणून हा इवलासा साप जगभर पोचला आहे. सुपलीवर घ्या आणि बागेतल्या ओल्या मातीत सोडा.

११. फरशीखाली विंचू निघाला आणि त्याच्या पाठीवर पांढरी पिल्लं होती! खरंच असं असतं?

असतं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ते डोळ्यांनी बघायला मिळालं, नशीबवान आहात. विंचवी अंडी घालत नाही, पिल्लांना जन्म देते. ती मऊ, दुधी रंगाची पिल्लं पहिली कात टाकेपर्यंत आईच्या पाठीवर दाटीवाटीने बसून राहतात. पिल्लं आईला खाऊन बाहेर येतात ही समजूत खोटी आहे.

कौतुक लांबून करा. मोठी काळी इंगळी दिसायला भयंकर, पण आपल्याकडे जीवघेणा ठरतो तो लहानसा तांबडा विंचू. त्याच्या दंशानंतर दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणं, छातीत धडधड असं काही दिसलं, विशेषतः लहान मुलात, तर उतारा-मंत्र न करता थेट दवाखाना. या दंशावर प्राझोसिन या गोळीचा उपयोग महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवून दिला आणि कितीतरी पोरं वाचली. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

एक युक्ती. नोटा तपासायची जांभळ्या उजेडाची टॉर्च मिळते ना, ती रात्री अंधारात कोपऱ्यांवरून फिरवा. विंचू हिरवट-निळा चमकतो आणि फार लांबून ओळखू येतो. नुकतीच जन्मलेली किंवा नुकतीच कात टाकलेली पिल्लं तेवढी चमकत नाहीत, त्यामुळे काही दिसलं नाही म्हणजे काही नाहीच असं धरू नका.

१२. उंदरासारखी, लांब नाकाची, घाण वासाची. एका मागे एक अशी रांग चालली होती. औषध घालू का?

चिचुंद्री, आणि ती उंदरांच्या कुळातली नाही. ती झुरळं आणि किडे खाते. वास तिच्या अंगातल्या ग्रंथींचा. तुम्ही पाहिली ती आई आणि पिल्लं. पुढच्याच्या शेपटीच्या बुडाशी तोंडाने धरून सगळी एका रांगेत चालतात. औषध घालू नका, दाराखालची फट बुजवा. तिच्या वाटेतली झुरळं संपली की ती आपणच जाते.

१३. मे महिन्यात, थेंबभर पाणी नाही, आणि माठाखाली बेडूक बसलेला!

तो भेक असणार, खडबडीत कातडीचा. उन्हाळा असाच एखाद्या ओलसर कोपऱ्यात, फारशी हालचाल न करता काढतो आणि पाऊस पडला की बाहेर निघतो. अंगावर टाकल्याने चामखीळ येते हे खोटं. डोळ्यांमागच्या गाठींतून मात्र चिकट विषारी स्राव येतो, हात लागला तर धुवा, कुत्र्याला तोंड लावू देऊ नका. जमलं तर पावसापर्यंत माठ तिथेच राहू द्या.

१४. छताला वटवाघळं लटकली आहेत. हाकलायची कशी?

लहान जातीची असतील तर ती डास-किडे खाणारी. उघड्या हाताने कधीही पकडू नका. दात लागलाच तर जखम साबणाच्या वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. हाकलायचा सभ्य मार्ग असा: पिल्लं नाहीत याची खात्री करा, संध्याकाळी सगळी बाहेर पडली की येण्याची फट जाळीने बंद करा, दिवसा बंद करू नका. एका मादीला बहुधा एका वेळी एकच पिल्लू होतं. ते उडायला लागेपर्यंत थांबा, नाहीतर आई बाहेर आणि पिल्लू आत मरून सगळ्या घराला वास येईल. धूर करू नका.

१५. दगडी भिंतीवर कापसासारखी पांढरी लव उगवली आहे. बुरशी का?

पाण्याचा थेंब टाकून बघा. विरघळली तर लोणा, नाही विरघळली तर बुरशी. लोणा म्हणजे जमिनीतली ओल भिंतीतून वर चढते, सोबत क्षार आणते, पाणी उडून जातं आणि क्षाराच्या बारीक सुया उरतात. भिंग असेल तर जरूर पाहा, सुंदर असतात. कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुतलं तर क्षार पुन्हा आत मुरतात. आणि त्यावर सिमेंटचा गिलावा करू नका. गवंडी तोच सुचवेल. त्याने ओल आतच कोंडते आणि आणखी वर चढते. जुन्या भिंतीला चुन्याचाच गिलावा.

१६. फरशी उखडली तर खालच्या काळ्या दगडात चकाकणारे खडे निघाले. हिरे आहेत का?

नाहीत. पण हिऱ्याइतकेच बघण्यासारखे आहेत. आपल्याखालचा काळा दगड म्हणजे बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, मागाहून त्या पोकळ्यांत खनिजं मिसळलेलं पाणी झिरपलं आणि स्फटिक वाढले. काचेवर ओरखडा काढणारा खडा म्हणजे गारगोटी. सुरीने ओरखडला जाणारा आणि व्हिनेगर टाकल्यावर हळूहळू फसफसणारा म्हणजे कॅल्साइट. मोत्यासारखी झाक असलेले किंवा सुयांचे झुबके झिओलाइट असू शकतात. विकायला जाऊ नका, शोकेसमध्ये ठेवा.

१७. आजोबांच्या काळच्या चादरी आणि सूत पेटीत होतं, त्यात चंदेरी किडे निघाले.

कसर. तिला पिष्ट लागतं आणि सुताला खळ लावलेली असते, म्हणजे पंगतच. चावत नाही, रोग पसरवत नाही, फक्त भोकं पाडते. उपाय फुकटात आहे: सोलापूरचं ऊन. दोन-तीन दुपारी उलटसुलट करून वाळवा, झटका, पेटी कोरडी करा. नैसर्गिक रंगाच्या जुन्या चादरी मात्र थेट उन्हात विटतात, त्यांच्यावर एखादं जुनं धोतर टाका.

१८. पोरांनी सापडलेलं कासव बादलीत ठेवलंय. पाळलं तर चालेल का?

नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपली रानातली कासवं, साप, घोरपड, मुंगूस यांना संरक्षण आहे, पकडणं आणि पाळणं गुन्हा आहे. वनविभागाला कळवा, क्रमांक प्रश्न ८ मध्ये आहे. कुंभारणीचं रिकामं घर, प्रश्न १५ मधले क्षाराचे स्फटिक आणि प्रश्न १६ मधले खडे पोरांना द्या, त्यावर कुणाची हरकत नाही.

१९. आमच्या तळघरात नाग आहे. आजी म्हणते तो राखणदार आहे, धन आहे तिथे. हलवू देत नाही. काय करावं?

आजीशी वाद घालू नका, तिच्या बोलण्यामागे निरीक्षण आहे. जुन्या घरात धान्य आणि दागदागिने दोन्ही जमिनीखालीच ठेवायचे. धान्याला उंदीर, उंदरामागे नाग. जिथे पुरलेलं असेल तिथे नाग दिसायचा, एवढा भाग खरा. तो धनासाठी बसतो हा पुढचा भाग आपण जोडला. नाग राहत्या घरात ठेवू नये, विशेषतः खाली मुलं वावरत असतील तर. आजीला असं सांगा: त्याला मारत नाही, सन्मानाने त्याच्या जागी पोचवतो. सर्पमित्र आला की तिला हात जोडू द्या, हळद-कुंकू लांबून वाहू द्या, फक्त दूध ठेवायचं नाही. साप दूध पचवू शकत नाही. नंतर उंदरांची बिळं बुजवा, नाहीतर पुढच्या वर्षी दुसरा राखणदार हजर.

आणि उकरताना खरोखरच हंडा लागला तर तो आपोआप तुमचा होत नाही. १८७८ च्या कायद्यानुसार जमिनीत दडवलेला १० रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. तसले फोटो मला पाठवू नका.